पुढच्या उन्हाळ्यातला ब्लोअर

१० जुलै २०२३, सोमवार

खोकं उघडलं. एकदाचं!

कितीतरी वर्षं गॅरेजमध्ये कामाच्या टेबलाखाली पडून होतं. वेंडेल म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात बसवू." मग तो उन्हाळा यायचा आणि हा पुन्हा तेच म्हणायचा. ब्लोअर! इंजिनाच्या डोक्यावर बसवायचा. बेल्टवर गरगर फिरतो, आत हवा कोंबतो, आणि गाडी अशी सुटते की पोटात गोळा येतो. आमची एकोणसत्तरची फायरबर्ड आधीच अंगात आल्यासारखी धावायची. तिला आणखी कशाला, असं मीच तेव्हा म्हणायचे. आता वेंडेलला जाऊन चौदा महिने झाले आणि बसवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलंय.

१९ ऑगस्टला वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी आहे. कोरीन त्यासाठी टूसॉनहून येणार. फेरी झाली की गाडी तिची, तसं तिच्या बाबानं लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्याकडे चाळीस दिवस. नवऱ्याचा एक तरी शब्द खरा होऊन गाडी या घरातून जावी, एवढंच माझं म्हणणं आहे. वय अडुसष्ट. असू दे.

११ जुलै

कोरीनचा फोन. आई, तू एकटी हे करणार? कुणाला तरी बोलाव की! तिला सांगितलं, बाई गं, मी सत्तावीस वर्षं इंजिनाच्या लाईनवर होते. तू बाहुल्यांचे केस कापायचीस तेव्हा तुझी आई दिवसाला शेकडो इंजिनांचे बोल्ट आवळायची. यावर ती हसली आणि म्हणाली, बाबांनी मात्र चव्वेचाळीस वर्षांत त्या खोक्याची दोरीसुद्धा सोडली नाही.

मला ते लागलं. खरं असूनही लागलं.

१५ जुलै, शनिवार

ड्वेन आला. वेंडेलचा धाकटा भाऊ, लॅपिअरला असतो. वजन उचलायची साखळी-कप्पी घेऊन आला, पण तोंड उतरलेलं. दोनदा म्हणाला, "वहिनी, राहू दे ना. मुळात जशी आहे तशीच छान दिसते गाडी." मी म्हटलं, पाना दे.

रेडिएटरचं पाणी काढलं. कार्ब्युरेटर उतरवला. दुपारी मक्याची कणसं उकडली, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून तिथंच बसून खाल्ली. येणारे-जाणारे थांबून डोकावत होते. दार उघडं दिसलं की या गावातल्या पुरुषांना आत येऊन इंजिनाकडे बघत मान हलवावीच लागते. तिघांनी मला सल्ला दिला. एकालाही मी विचारला नव्हता.

ड्वेन गेल्यावर बराच वेळ गाडीत बसले. पुढच्या सीटवर माझी बाजू अजून माझ्याच आकाराची खोलगट आहे. शहात्तरचा उन्हाळा आठवला. शुक्रवारी शिफ्ट सुटली की दोघं तसेच कारखान्याच्या कपड्यांत वुडवर्डवर. काचा खाली. गाडी उभी केली की पोरगी येऊन खिडकीला ट्रे अडकवायची. दोन कोनी हॉटडॉग, वर खिम्याचा रस्सा, कांदा जास्त. वेंडेल एका हातानं खायचा, दुसरा हात स्टिअरिंगवर, उभ्या गाडीतसुद्धा! सिग्नलला शेजारी कुणी आलं की माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. मी मान हलवून 'नाही' म्हणायचे आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरायचे. कारण माझ्या नाहीचा उपयोग नाही हे मला माहीत असायचं.

किती सुखात होतो आम्ही. तेव्हा ते कळत नव्हतं असंही नाही. चांगलं कळत होतं.

१८ जुलै

हवा आत नेणारं जुनं बिडाचं ओतकाम काढलं. खाली आठ भोकं उघडी पडली. पहिलं काम म्हणजे प्रत्येक भोकात चिंधी. एखादा नट आत पडला तर इंजिनाचं वाटोळं. आठ चिंध्या घालताना मोठ्यानं मोजायच्या, काढतानाही मोठ्यानं मोजायच्या. आमच्याकडे लाईनवर सगळे तसंच करायचे आणि घरीही तसंच करतात.

चिंध्या वेंडेलच्या जुन्या कामाच्या शर्टच्या केल्या. कापताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही. पण त्यानं स्वतः तेच कापड वापरलं असतं.

२३ जुलै, रविवार

चर्चनंतरचं एकत्र जेवण. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. मी बटाट्याचं सॅलड नेलं. ताट घेऊन वळले तर समोर तो हॅरलन स्टकेल! त्र्याऐंशीचा झालाय, काठी घेऊन उभा. मान लववली त्यानं. दर वेळी लववतो. मी दर वेळी भिंतीकडे बघते.

हे लिहून ठेवलेलं नाही कधी, म्हणून लिहिते. १८ ऑगस्ट ७९, शनिवार. वेंडेलला सक्तीचा ओव्हरटाइम. मला दिवस भरायला दोन आठवडे होते, पण सकाळीच कळा सुरू झाल्या. शेजारणीनं दवाखान्यात नेलं आणि तिथून कारखान्यात फोन केला. तेव्हा घरचा फोन थेट माणसाला मिळायचा नाही, निरोप फोरमनकडे. वेंडेलचा फोरमन हा स्टकेल. "सांगतो," म्हणाला. कोरीन झाली पावणेचारला. वेंडेल उगवला सहा वाजता, पांढराफटक. स्टकेलनं शिफ्ट संपेपर्यंत आपल्याला निरोपच दिला नाही, असं म्हणाला.

पहिलं मूल. मी एकटी. नर्सचा हात धरून.

त्याच हिवाळ्यात स्टकेलची फोरमनकी गेली, परत लाईनवर आला. का ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. सगळ्या बाया हळहळल्या. मी घरी येऊन खुशीत ॲपल पाय भाजला. वेंडेलनं त्यातला तुकडा घेतला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

त्याची बायको गेली तेव्हा सगळं गाव गेलं होतं. मी नाही गेले. अजिबात पश्चात्ताप नाही.

२९ जुलै, शनिवार

खोक्यातला बेल्ट नवा नाही! कडा झिजलेल्या, आतले दात चकचकीत. ब्लोअरच्या आतही फिरल्याच्या बारीक रेघा. नवाकोरा घेतलाय म्हणाला होता. कुणाकडून तरी वापरलेला आणला असेल आणि मला फुशारकी मारली असेल. फुशारकीत तो कमी नव्हता.

नवा बेल्ट मागवला.

५ ऑगस्ट, शनिवार

बसला! ड्वेननं साखळी ओढली, मी खाली दिशा दिली. एक इंच पुढे, अर्धा मागे, सोड. चिंध्या त्याआधी काढल्या. आठ. मोजून घेतल्या. बोल्ट मधून बाहेर असे आवळत गेले, तीन फेऱ्यांत, पूर्वी करायचो तसे. खांदा दुखतोय पण हातांना सगळं आठवत होतं. हातांचा मला फार अभिमान वाटला आज.

 ड्वेनला विचारलं, वेंडेलनं हा आणला कुणाकडून? "आठवत नाही," म्हणाला आणि पाने पुसत बसला. स्वच्छ पाने पुसत होता.

९ ऑगस्ट

सुरू केली.

बॉनेट अजून काढूनच ठेवलंय. पहिल्यांदा खोकली, मग इंजिनानं धरलं. आणि वर तो आवाज! शीळच, पण दातातून घातलेली, ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी. समोरच्या घरातल्या दोघी बाहेर आल्या. मी गाडीशेजारी उभी राहून भोकाड पसरलं. त्यांना वाटलं काही लागलं मला.

वेंडेल, बघ. एवढंच होतं. महिनाभराचं काम. यासाठी चव्वेचाळीस उन्हाळे!

११ ऑगस्ट, शुक्रवार

ब्लोअर बॉनेटच्या वर जातो, म्हणजे बॉनेट कापायला हवं. आठवडाभर टाळलं. कापलेला पत्रा परत पहिल्यासारखा होत नाही, आणि आता गाडी कोरीनची.

आज बॉनेट उलटं करून आतलं जाड कापड सोलून काढलं. खाली मधोमध चौकोन. वेल्डिंगचा! बारीक, सरळ, घासून सपाट केलेला. वरून रंगाखाली कुणाला दिसणार नाही.

वेल्डिंग कुणाचं ते मला विचारायला नको. वेंडेल बत्तीस वर्षं बॉडीच्या खात्यात वेल्डर होता. आमच्या घराचं फाटक, कोरीनची सायकल, माझ्या आईची खुर्ची, सगळ्यांवर हीच रेघ आहे.

म्हणजे हे बॉनेट एकदा कापलं होतं. ब्लोअरच्याच मापाचं. आणि मग परत जोडलं. एकोणऐंशीच्या सप्टेंबरात गाडी हिरवी होती ती त्यानं निळी केली. खडी उडून टवके गेलेत म्हणाला. माझ्या मांडीवर महिन्याची पोर होती, मी कशाला बघायला जाते टवके!

त्यानं ब्लोअर बसवला होता. मला न सांगता. आणि उतरवला.

१२ ऑगस्ट, शनिवार

ड्वेनला बोलावलं. बॉनेट दाखवलं. तो टेबलाजवळच्या स्टुलावर बसला आणि टोपी काढली.

"वहिनी, त्या दिवशी दादा कामावर नव्हता."

कोणत्या दिवशी ते मी विचारलं नाही. 

ओव्हरटाइम होता खरा, वेंडेल गेला नाही. ब्लोअर आदल्याच आठवड्यात ड्वेनच्या गॅरेजमध्ये बसवला होता. मला वाढदिवसाला चकित करायचं म्हणून लपवलं म्हणे. शनिवारी दोघं शर्यतीच्या ट्रॅकवर गेले, पस्तीस मैल. तीन शर्यती जिंकले. मी नर्सचा हात धरून होते तेव्हा हे दोघं जिंकत होते!

"दोन आठवडे आहेत असं वाटलं होतं आम्हाला," ड्वेन म्हणाला. "सोमवारीच त्यानं ब्लोअर उतरवला. मला शपथ घातली. म्हणाला, ग्लेनिसला कळलं तर ती पोरीला घेऊन माहेरी जाईल."

गेलेच असते. चोविसाव्या वर्षी नक्की गेले असते.

मग तुम्हाला कळलं कसं, मी विचारलं. ड्वेन म्हणाला, ट्रॅकवर कुणीतरी दादाला शोधत आलं होतं. मी तेव्हा खायला आणायला गेलो होतो. परत आलो तर गाडी नव्हती, दादा नव्हता. कोण आलं होतं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही.

ड्वेनला जेवायला न घालता पाठवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

१३ ऑगस्ट

चर्चला गेले नाही. सकाळी बेल्ट काढला. ब्लोअरचे बोल्ट सैल करायला घेतले. चार झाले आणि थांबले.

त्याच्यावर ओरडायचं आहे आणि तो नाही. याचा राग सर्वांत जास्त आहे.

१४ ऑगस्ट

बोल्ट आवळले. का ते माहीत नाही. अर्धवट सैल इंजिन मला बघवत नाही म्हणून असेल.

एक मात्र डोक्यातून जात नाही. ड्वेन माझ्याशी खोटं बोलला, पण ट्रॅकवर कोण आलं ते त्याला खरंच माहीत नाही. दवाखान्यातून फोन एकच झाला होता.

१६ ऑगस्ट

कोरीन आली. बॉनेट वेल्डच्या रेघेवरूनच कापलं. बाकीच्या पत्र्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "आई, इतकं सरळ कसं कापलंस?" मी म्हटलं, खूण होती. बेल्ट चढवला.

तिला अजून काही सांगितलं नाही. तिचा बाबा तिच्या मनात जिथं आहे तिथून त्याला मी हलवायचं का, हे ठरत नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

कोरीनचा वाढदिवस. ती केस करून घ्यायला गेली तेवढ्यात स्टकेलांच्या घरी गेले. व्हरांड्यात बसले होते. काठी शोधून उठायला लागले, मी म्हटलं बसा. सरळ विचारलं.

"फोन मीच घेतला," ते म्हणाले. "वेंडेल कामावर नाही, हे तुझ्या शेजारणीला कसं सांगणार? तू तिकडे कळा देत होतीस. म्हटलं, सांगतो. तो कुठं असेल याचा अंदाज होता. गाडी काढली आणि गेलो. त्या गर्दीत तो सापडेपर्यंत पाच वाजले."

चालू लाईन सोडून. कुणाला न विचारता. फोरमनकी त्यापायी गेली.

मी म्हटलं, इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत?

"तुझा नवरा तो होता, ग्लेनिस. मी नुसता फोरमन."

उद्या फेरीत गाडी मी चालवणार, शेजारी पुढच्या सीटवर ते बसतील. कोरीन मागे.