दिवा काढून टोप परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक साहेब,
बंदरकाठ स्थानिक इतिहास संग्रहालय,
महाड, जि. रायगड.

विषय: लोकजीवन दालनातील पितळी टोप, त्याचे मालक अद्याप हयात असल्याने, लग्नकार्यासाठी परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) टोप नेताना आपण दिलेला तोंडी शब्द.
२) आपले पत्र, ज्यात त्या शब्दाचा उल्लेख नाही.

महोदय,

अर्जदार सौ. सरिता सुहास हाटे ही दासगावजवळच्या बौद्धवाडीतील महिला मंडळाची चिटणीस आहे. वाडीच्या वतीने ती पुढील हकीकत आपल्या निदर्शनास आणू इच्छिते. आपण रोज त्याच दालनातून ये-जा करत असूनही ती आपल्या निदर्शनास आलेली दिसत नाही, म्हणून हा अर्ज.

१. आपल्याकडे काचेमागे ठेवलेला मोठा टोप वाडीचा आहे. अर्जदाराच्या सासूबाई श्रीमती सोनाबाई यांच्या लग्नाच्या वेळी त्यांचे सासरे भांडी भाड्याने आणायला बाजारपेठेत गेले होते. आपल्या परिचयाच्या रघुवीरशेठ यांच्या वडिलांचे तेव्हा भांड्यांचे दुकान होते. तुमच्या चुलीवरून उतरलेले भांडे पुन्हा दुसऱ्या कोणाच्या घरी कसे द्यायचे, असे म्हणून त्यांनी नकार दिला. मग घरोघरची पातेली गोळा करून भात शिजवला. निम्मा कच्चा राहिला, निम्मा करपला. आपल्याच लग्नातला तो भात सोनाबाईंना आजही आठवतो. पुढे मुंबईच्या गिरण्यांत कामाला असलेल्या वाडीकरांनी वर्गणी काढून हा टोप घेतला आणि त्यावर वाडीचे नाव घातले. त्याच दिवशी विहारात एक नियम ठरला, तो सोनाबाईंच्या शब्दांत असा: "मागणाऱ्याला नाय म्हणायचं नाय. कागद मागायचा नाय. घासून परत आणला की झालं." नकार म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसांनी केलेला हा नियम आहे. महापुरात बाजारपेठेतल्या माड्यांना पाणी लागले, तेव्हा याच टोपातली खिचडी शहरात गेली. शेठच्या घरीही गेली, आणि त्या वेळी ती कोणाच्या चुलीवरची आहे हे कोणी विचारले नाही.

२. संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी आपण स्वतः वाडीत आलात, चहा घेतलात आणि "समारंभापुरता द्या, लगेच पोचवतो" असे म्हणालात. वाडीने टोप दिला. अर्जदार शिकलेली आहे, तरी तिनेही कागद मागितला नाही. ही तिची चूक झाली असे आता सुशिक्षित मंडळी म्हणतात. वाडीचे म्हणणे असे की, चूक माणूस ओळखण्यात झाली. आजवर भांडे मागायला येणारा माणूस भांडेच मागायला येत असे.

३. अर्जदाराची मुलगी प्रियदर्शिनी हिचे लग्न ११ मे रोजी ठरले असल्याने अर्जदार व सोनाबाई टोप आणायला आपल्याकडे आल्या. दालनात जे दिसले ते असे. टोपाच्या बुडाला भोक पाडून त्यातून वायर आणली आहे आणि आत दिवा बसवला आहे. दिवा रंग बदलतो. टोपावर चकचकीत वॉर्निश आहे आणि वाडीचे नाव भिंतीकडे फिरवले आहे. समोर पाटी आहे: "पूर्वीच्या काळी येथील लोक सामुदायिक भोजनासाठी अशी भांडी वापरत असत. रघुवीरशेठ यांच्या घराण्याच्या संग्रहातून." सोनाबाईंनी आपल्याला विचारले, "टोपात बत्ती लावलीत, मग भात कुठं शिजवायचा?" आपण हसलात. तो विनोद नव्हता.

पाटीबद्दल विचारले असता आपण सांगितलेत की, दालनातील काचा आणि दिवे शेठजींनी दिले, तेव्हा त्यांचे नाव कुठेतरी लावणे भाग होते. काचेचे नाव काचेवर लावता आले असते. ते टोपावर लावणे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. आणि "वापरत असत" हे कोणाबद्दल लिहिले आहे? वापरणाऱ्या दोघीजणी पाटीसमोर उभ्या होत्या. त्यांना पाहून आपण पाटी बदलायला हवी होती, पण आपण त्यांना रांगेत उभे राहायला सांगितलेत. रांगेत दुसरे कोणीही नव्हते.

४. त्यानंतर आपले पत्र आले. त्यात म्हटले आहे की, टोप हा आता टोप राहिलेला नसून नोंद झालेली पुरावस्तू आहे, तिला उष्णता व ओलावा यांपासून जपणे आवश्यक आहे आणि मालकी सिद्ध केल्यास विचार करता येईल. उष्णता आणि ओलावा यांपासून जपलेल्या टोपात भात कसा करतात, हे आपण एकदा पाहुण्यांसमोर करून दाखवावे. मालकीबाबत म्हणायचे तर टोप अर्धा फिरवावा, एवढाच पुरावा लागतो. लग्नघराची अडचण ओळखून आपण दोन उपायही सुचवले आहेत. पहिला, टोपाचे मोठे छायाचित्र मांडवात लावावे. ते आपण छापूनही पाठवलेत. दुसरा, भांडी रघुवीरशेठ यांच्या दुकानातून घ्यावीत, वाडीला ते सवलत देतील. हे वाक्य अर्जदाराने सासूबाईंना वाचून दाखवले नाही. आपल्यात धमक असेल तर आपण येऊन वाचून दाखवावे.

५. आपल्या माहितीपत्रकात लिहिले आहे की, संग्रहालय म्हणजे समाजाचे सामूहिक घर. अर्जदाराने आजवर पाहिलेल्या घरांत माणसे असतात. आपल्याकडे खाडीतल्या गलबताचा नांगर आहे, बंदराचा तराजू आहे, एक रखवालदार आहे, आणि लोक फिरकत नाहीत अशी आपली कायमची तक्रार आहे. दासगावपासून नाते गावापर्यंत ज्या टोपाने पंगती उठवल्या, तो आपल्या दालनात आल्यापासून एक माणूस जेवलेला नाही. लोक का फिरकत नाहीत हे शोधायला आपण समिती नेमल्याचे कळते. समितीला अर्जदाराच्या शुभेच्छा.

६. तरी आपणास विनंती की, दिवा, वायर व वॉर्निश काढून टोप मोकळा करावा. भोक बुजवण्याचे आणि कल्हईचे काम पोलादपूरचे भिकू करून देतील. त्यांनी टोपाची हकीकत ऐकून आपल्याबद्दल जे उद्गार काढले ते अर्जात लिहिण्याजोगे नाहीत. वाडीतील बाया १० मे रोजी सकाळी वाजतगाजत टोप न्यायला येतील. लग्नाचा टोप असाच न्यायची पद्धत आहे. दार उघडे ठेवावे.

७. अर्ज पुरा करण्याआधी अर्जदाराने सासूबाईंना विचारले की, लग्न झाल्यावर संग्रहालयाने पुन्हा टोप मागितला तर काय करायचे. अर्जदाराला वाटले, आता तरी त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "मागितला तर द्यायचा गो. नाय कसं म्हणायचं? पण पाटी मी सांगेन ती." शाळेत न गेलेल्या बाईने पाटी सांगितली ती एकाच ओळीची आहे. अर्जदाराने ती सांगितली तशी उतरवून घेतली असून आपल्या माहितीस्तव खाली देत आहे:

"शेटनं भांडी दिली नाय, म्हणून आमी टोप घेतला."

ही ओळ शेठजींच्या दिव्याखाली लावण्याची आपली तयारी आहे काय, ते लेखी कळवावे.

आपली, अजून तरी नम्र,

सौ. सरिता सुहास हाटे
चिटणीस, महिला मंडळ, बौद्धवाडी
(श्रीमती सोनाबाई यांचा अंगठा)

दिनांक: १६ एप्रिल २०२५

सोबत: १) लग्नपत्रिका, सहकुटुंब.
२) टोपाचे छायाचित्र, परत.