शर्यतीच्या छत्तीस गाड्या

मिस्त्री, तुमची पेटी मी फोडली. पहिल्यांदा तेच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत लिहिता येईल. शर्यतीच्या छत्तीस गाड्या, जस्ताच्या, बोटाएवढ्या, एकीसारखी दुसरी नाही, प्रत्येक पतंगाच्या कागदात गुंडाळलेली, आणि तुम्ही बजावलेलं की ह्या एकत्र राहिल्या पाहिजेत. राहिल्या नाहीत. तुम्ही जिवंत असता तर हातातली कानस फेकून मारली असती. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, म्हणून माझं एवढं धाडस. नातीच्या जुन्या वहीत लिहितेय. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. तुमचं तरी कुठं मोत्यासारखं होतं.

बोईसरला कारखान्यांच्या शेड नव्या नव्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी किनाऱ्यावरच्या घिवलीहून टेम्पोत बसून कामाला यायची. नवऱ्याला कंत्राटदाराकडे एक महिना काम, दोन महिने घरी. सासूला वाटलं, सून कारखान्यात जाते म्हणजे मोठी यंत्रं चालवते. मी काय चालवते ते तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पत्र्याची एक शेड, अकरा बायका, आणि साताऱ्याकडचे तुम्ही. वितळलेलं जस्त साच्यात दाबलं की गाडी बाहेर यायची ती कडेने पर फुटलेल्या मासळीसारखी. ते पर कानशीने घासायचे, मग रंग, मग भट्टी, मग चाकं. मला तुम्ही चाकांवर बसवलंत. पहिल्या दिवशी मी एक अख्खा ट्रे भरला आणि ऐटीत तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही एकेक गाडी उचलून त्या उतरत्या फळीवर सोडलीत. फळी तपासणीची, सरळ खाली गेली तर पास. माझ्या सगळ्याच्या सगळ्या डावीकडे वळून जमिनीवर.

"कुठं निघाल्या गं ह्या? दर्यावर, मासं धराया?"

"मिस्त्री, तुमची फळीच वाकडी हाय."

"फळी वाकडी न्हाई. तू वाकडी हायस."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मला राग आला, पण तुम्ही दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही ते मला दाखवलंत. चाकाची दांडी काचेवर ठेवायची, बोटाने लोळवायची, आणि खाली वाकून बघायचं. जिच्याखालून उजेड दिसला ती वाकडी, टाकून द्यायची. एवढंच. महिन्याभरात माझी एकही गाडी डावीकडे जाईना. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. नुसतं माझ्या ट्रेमधली गाडी फळीवर सोडणं बंद केलंत. मला आधी वाटलं, विसरले. मग कळलं. तेव्हापासून कारखान्यात गाड्या होत्या तोवर चाकं बसवायचं काम माझ्याचकडे राहिलं, दुसरीच्या हाताला ते कधी जमलं नाही, आणि हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतेय कारण तुम्ही कधी सांगणार नव्हता.

एकदा मी विचारलं होतं, एवढ्या गाड्यांशी खेळतं तरी कोण? तुम्ही म्हणालात, "खेळत न्हाईत. जमवत्यात." मग जमवून काय करतात? "बघत्यात." मी एवढी हसले की चाक हातातून उडालं. आमच्याकडे बाईकडे बघायला माणसाला सवड नाही, आणि लोक खेळण्यातली गाडी बघत बसतात!

खंडेनवमीचं आठवलं की मला अजून हसू येतं. सकाळ आहे. तुम्ही पुढे साच्याच्या प्रेसला हार घालताय, नारळ फोडताय. मागे आमच्याकडे दोन ट्रे पिवळ्या गाड्या वार्निश मारून सुकत ठेवलेत. मी म्हणते, "बायांनो, दसऱ्याला लोक मोटारीची पूजा करतात ना? मग ह्या काय बैल हायत?" झालं. करंडा आला. प्रत्येक गाडीच्या नाकावर एकेक बोट कुंकू. वार्निश ओलं, हे कोणाच्या डोक्यातच नाही. सुट्टी संपवून आलो तर कुंकू वार्निशच्या आत पक्कं बसलेलं, नखाने खरवडूनही निघेना.

"कुनाचं काम ह्ये?"

"देवाचं," मी म्हटलं.

"देवाला सांग, ह्या शर्यतीच्या गाड्या हायत, बोहल्यावरच्या नवऱ्या न्हाईत. वितळव सगळ्या."

"पूजा केलेलं वितळवू? मी नाय. तुमीच वितळवा."

तुम्ही चिमट्यात एक गाडी धरून भट्टीपुढे गेलात. बराच वेळ उभे. मग परत आलात, गाडी ट्रेमध्ये ठेवलीत आणि म्हणालात, "माझ्याच्यानं बी व्हईना." खोक्याच्या तळाला घालून त्या स्टेशनरोडच्या दुकानात गेल्या, कोणाला दिसू नयेत म्हणून. पंधरा दिवसांत दुकानदार सायकल मारत आला. कॉलनीतली माणसं टिकलीवाली गाडी मागतात, अजून द्या.

वीजकेंद्राच्या कॉलनीत रविवारी सकाळी बदामाच्या झाडाखाली हे जमवणारे जमायचे, तिथे तुम्ही मला आणि रंगातल्या एकीला मुद्दाम घेऊन गेलात. मला वाटलं पोरं असतील. पोरं होतीच, पण पुढे बसलेले सगळे चष्मेवाले साहेब, रुमालावर गाड्या मांडून, भाजीवालीने जुड्या मांडाव्यात तशा. एक साहेब दोन निळ्या देऊन एक टिकलीवाली घेत होता आणि त्याची बायको मागे पिशवी घेऊन नाक मुरडत उभी. तुम्ही लांब, हात पाठीशी बांधून. कोणाला सांगितलं नाहीत की ह्या आम्ही करतो. मालकाने मग म्हटलं, दर महिन्याला टिकली लावा. तुम्ही म्हणालात, पूजा वर्षातनं एकदाच असते. तो मालक, तुम्ही नोकर, पण त्याला ऐकावं लागलं. दर दसऱ्याला दोनच ट्रे. पोरांत बोलबाला, की टिकलीवाली जास्त पळते. मी चाकं बसवत होते, मला विचारा! सगळ्या सारख्याच पळायच्या.

मग तुमचं पोटाचं दुखणं. स्टेशनमागच्या तुमच्या खोलीत मी पेजेचा डबा घेऊन यायची, तुम्ही दोन घास खायचात आणि मीठ जास्त म्हणायचात. एका दुपारी कॉटखालून पेटी ओढायला लावलीत. खोक्यांच्या फळ्यांची, आत खण पाडलेले. केलेल्या प्रत्येक जातीची एक गाडी. म्हणालात, "फोडू नगंस. जो नुसता बघंल, खेळायचा न्हाई, अशाला दे. सगळ्या एकत्र." मी हो म्हटलं. आजारी माणसाला दुसरं काय म्हणणार. तुम्ही गेल्यावर तुमची बायको गावाहून आली, स्टोव्ह आणि भांडी बांधून घेतली, पेटीकडे बघून म्हणाली, "ही सवत तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तुम्ही बघायला राहिला नाहीत ते एका परीने बरं. गाड्यांचं वेड उतरलं ते भांडण नाही, तंटा नाही, सर्दी उतरावी तसं उतरलं. घरोघरी टीव्हीला केबलच्या तारा आल्या, मग पोरं खेळाचा डबा जोडून टीव्हीच्याच आत गाड्या पळवायला लागली. त्या गाड्या कितीही आपटल्या तरी पुन्हा नव्या. दुकानात चावीच्या प्लॅस्टिकच्या आल्या. बदामाखाली वीस जण बसायचे तिथे दहा, मग पाच, शेवटी तीन साहेब उरले. त्यांनी आपसात इतकी अदलाबदल केली होती की ज्याची त्याच्याकडे परत आली, आणि मग बोलायला काही उरलं नाही. कारखान्यात गाडीचे साचे उतरवले आणि कपाटाच्या मुठी काढायला लागले. जस्त तेच, भट्टी तीच. मुठीला चाक नसतं, म्हणून मला पॅकिंगला टाकलं. मूठ कोणी जमवत नाही, पण प्रत्येकाच्या घरी लागते, त्यामुळे पगार वेळेवर व्हायचा. मी तक्रार करणार नाही.

पेटी मात्र माझ्या पलंगाखाली. मी खरंच हिंडले, मिस्त्री. बदामाखालच्या त्या म्होरक्या साहेबाकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, मी रिटायर होऊन गावी चाललोय, माझ्याच गाड्या कोणाला देऊ म्हणून शोधतोय. तुम्ही घेता?" दुकानदार म्हणाला, "ठेवायला जागा नाय मावशी. तिथं आता टीव्हीवरचा गेम लावलाय." नातीला दाखवली. तिने एक हातात घेऊन उलटी केली, पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, हिचं बटण कुठंय?" घेणारं कोणीच मिळालं नाही.

मग गेल्या महिन्यातला शनिवार. इथली वीज साऱ्या मुलखाला पुरवतात आणि आमच्या गल्लीत दर शनिवारी अंधार. टीव्ही बंद पडला की गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर येऊन लोळतात, कारण फरशी गार. वीसेक असतील. "आजी, गोष्ट सांग." मी म्हटलं, गोष्ट गेली चुलीत, आणि आतून पेटी ओढून आणली. कागद सोडवले. मग एकच गलका.

"ही माझी!"

"आधी नाक पूस."

"आजी, ही लाल टिकली कोणी लावली?"

"देवाने. सोड खाली, बघू कुठं जाते."

ओट्यावरून गटारापर्यंत सिमेंटचा उतार आहे, अंगणाचं पाणी जायला केलेला. तिथून सोडल्या. सरळ गेल्या, मिस्त्री. एवढी वर्षं कागदात पडून, तेलाचा थेंब नाही, आणि एक डावीकडे गेली नाही. वीज आली तेव्हा निम्म्याहून जास्त पोरं टीव्हीकडे पळाली. नऊ राहिली. त्यांना मी चार-चार वाटून टाकल्या आणि रिकाम्या पेटीत कांदे भरले.

आता खरं सांगायचं तर हाल आहेत त्यांचे. रंग उडाला. एक गटारात गेली ती गेलीच. एक शेजारणीच्या धाकट्याने दोरी बांधून कुत्र्याच्या मागे लावली. एक माझ्या पायाखाली आली आणि मी पडता पडता वाचले. जमवणं, बघणं, अदलाबदल, असलं काही नाही, तेवढी अक्कल नाही त्यांना. पण संध्याकाळी खडखड ऐकू येते, आणि मी आतून सांगू शकते कुठल्या गाडीचं चाक सैल झालंय. कालच एका पोरीला बोलावून घट्ट करून दिलं. कपाळाला आठ्या घालून.

हे मी टपालात टाकणार नाही. तुमच्या गावच्या पत्त्यावर टाकलं तर तुमची बायको वाचेल, आणि सवत मेली म्हणून गावभर साखर वाटेल.

एक राहिलं. वर लिहिलंय की घेणारं कोणीच मिळालं नाही. ते खरं नाही. त्या म्होरक्या साहेबाने जाता जाता वसईच्या एकाला माझा पत्ता दिला होता. त्या शनिवारच्या आधी, गुरुवारी, त्याचं कार्ड आलं, मी दोनदा वाचलं. रविवारी येतो, संच पूर्ण ठेवावा, काचेचं कपाट तयार आहे, आणि तोवर कृपया गाड्यांना कोणी हात लावू नये. अगदी तुम्हाला हवा होता तस्सा माणूस. छत्तीस गाड्यांच्या बहात्तर दांड्या मी काचेवर लोळवून बसवल्या, आणि हा मला सांगतो, हात लावू नका. रविवारी आला, चहा प्यायला, हळहळला, गेला. शनिवारी वीज गेली नसती ना मिस्त्री, तरी पेटी मी उघडलीच असती.