पगाराचं मी बोलतो

सोमवार, ३ मार्च
दुपारी गिऱ्हाईक नसताना किचनच्या मागच्या दारात आम्हा वेटर लोकांची मीटिंग. विषय पगार. वाढ मागितली की मालक म्हणतात, टिप मिळते ना? टिप म्हणजे गिऱ्हाइकाची मर्जी. सूप खारट झालं की कुकला काही होत नाही, आमची टिप जाते.

खिडकीकडची टेबलं ताई बघते. ती म्हणाली, नेहमीचं एक गिऱ्हाईक बिल देताना तिचा हात सोडत नाही आणि तिला हसावं लागतं, कारण घरभाडं त्या हसण्यावर निघतं. जेवण वाढण्याचे पुरेसे पैसे मिळाले तर हसण्याचे नकोत.

मालकांशी बोलणार कोण, असा प्रश्न आला. मी म्हटलं, मी बोलतो. सीनियर मी. शिवाय माझ्याकडे शब्द आहेत. उद्याच.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, मालकांपुढे ‘हो साहेब’ सोडून आजवर काय बोललात? हिला डिप्लोमसी कळत नाही.

मंगळवार, ४ मार्च
मालकांचा मूड नव्हता. फ्रीज बिघडलाय. शहाण्यानं वेळ बघून बोलावं.

गुरुवार, ६ मार्च
मूड छान होता. कशाला घालवा?

रविवार, ९ मार्च
मरणाची गर्दी. पोटऱ्या भरून आल्यात. ताईनं विचारलं, दादा, कुठवर आलं? म्हटलं, ग्राउंड तयार करतोय. म्हणाली, लवकर करा, तो आज परत आला होता.

मंगळवार, ११ मार्च
बोललो. केबिनमध्ये जाऊन ‘साहेब, पगार’ एवढं म्हटलं, तोच मालकांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, तुझाच विचार चालला होता, आजपासून तू कॅप्टन, सगळ्या वेटरांवरचा. काळा कोटही दिला. आधीच्या कॅप्टनचा आहे, खांद्यात ढगळ. भरेन मी. पगाराचं पुढे बघू म्हणाले. म्हणजे जवळजवळ हो.

ताईला म्हटलं, आता मी आतून लढणार. ती कोटाकडे बघत राहिली. कौतुकानं असावं.

शुक्रवार, १४ मार्च
कॅप्टननं टिप घ्यायची नसते, असं मालकांनी आज सांगितलं. बरोबर आहे, पदाला शोभत नाही. कॅप्टननं सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांनंतर जायचं. हे पटलं नाही. हो म्हटलं.

रविवार, १६ मार्च
तो हात धरणारा आला. आज त्याला सुनावायचंच, असं ठरवून टेबलापर्यंत गेलो. तो म्हणाला, ती बाई कुठंय, पाठवा तिला. मी म्हटलं, हो साहेब.

ताई गेली नाही. तिनं अॅप्रन सोडला आणि सरळ केबिनमध्ये शिरली. तिच्यामागून आमच्यातला लंबू, मग बाकीचे वेटर. भर गर्दीत. सगळ्या टेबलांवर मी एकटा प्लेटा घेऊन पळतोय. असं बोलायचं असतं का? ना वेळ बघितली, ना मूड.

सोमवार, १७ मार्च
सगळ्यांचा पगार वाढला. त्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवायचं ठरलं. हा सगळा पाया मी घातलेला, असं लंबूला म्हटलं. तो म्हणाला, हो कॅप्टन.

वाढ फक्त वेटरना आहे. कॅप्टन मॅनेजमेंटमध्ये मोडतो.

बुधवार, १९ मार्च
हिनं सकाळी विचारलं, टिप नाही, वाढ नाही, मग प्रमोशन कसलं? म्हटलं, मानाचं. हिनं डबा भरून दिला.

मालकांशी बोलायला हवं. केबिनपर्यंत गेलो. ते फोनवर होते. मग फोनवर नव्हते, पण चहा पीत होते.

शेवटी ताईला बाजूला घेतलं. म्हटलं, माझ्या पगाराचंही जरा बघतेस का? तिनं हातातला ट्रे माझ्याकडे दिला आणि लगेच आत गेली. मी ट्रे धरून बाहेर उभा.

मालकांचा आवाज आला, त्याला स्वतःला तोंड नाही का?

ताई म्हणाली, आहे साहेब, पण दादा दमलेत.