डोळे आखताना भांडायला कुणीतरी हवं

कोल्हापूर,
२२ जुलै १९९९

चि. पूर्णिमा हिस,
गुंडूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यासोबतचं मेंदूचं पुस्तक जूनमध्येच पोचलं. उत्तराला इतका उशीर झाला, त्याबद्दल राग धरू नकोस. कामाच्या गडबडीत राहून गेलं असं लिहिणार होतो, पण तुझी शालूकाकू शेजारी तांदूळ निवडत बसली आहे. ती म्हणते, पोरीला खरं काय ते लिहा, पुस्तक वाचून घाबरला होता म्हणून.

झटका आलेल्या लोकांना तू पुण्याच्या दवाखान्यात पुन्हा हात हलवायला शिकवतेस, म्हणून माझ्या हाताला मुंग्या येतात ते तुला विचारलं. तू लिहिलंस की मुंग्या मानेमुळे आहेत, मेंदू ठणठणीत आहे, पटत नसेल तर हे वाचा. सातवीला दोनदा बसलेल्या माणसाला असं पुस्तक पाठवू नये. पहिल्या प्रकरणातच मला त्यातले चार आजार झाले. त्यातला एक बायकांना होणारा आहे असं काकू म्हणाली, तेव्हा तेवढा कमी केला.

घाबरत का होईना, पण डोळ्यांच्या प्रकरणापर्यंत पोचलो आणि घोटाळा झाला. त्यात लिहिलंय की डोळ्यातली बाहुली मोठी असली की चेहरा मायाळू वाटतो, आणि का वाटतो ते बघणाऱ्याला कळतही नाही. मी जन्मभर गणपतीचे डोळे आखत आलो. गल्लीत मूर्ती कुणीही घडवो, डोळे आखायला मला बोलावतात. तुझ्या आजोबांनी शिकवल्याप्रमाणे मी बाहुली कायम मोहरीएवढी ठेवली. मला वाटलं, इतकी वर्षं देवाची माया मीच अडवून धरली होती. मग यंदा पहिल्या फळीवरच्या सगळ्या गणपतींना घसघशीत बाहुल्या काढल्या.

राधानगरीचे पावणे मूर्ती ठरवायला आले, फळीसमोर उभे राहिले आणि विचारते झाले की देवाची झोप पुरी झालेली न्हाय काय. ते परवडले. दुसऱ्या दिवशी गल्लीचा गणपती बसवणाऱ्या तालमीचे अध्यक्ष हंबीरराव आले. तुला त्यांचा आवाज माहीत आहे, ते कानात बोलले तरी रंकाळ्यावर ऐकू जातं. ते म्हणाले की गुंडूतात्या, हे समदे भांग पिऊन बसल्यात व्हय. अख्खी गल्ली हसली. मग त्यांनी सांगून टाकलं की तालमीच्या मोठ्या मूर्तीचे डोळे यंदा कागलच्या कृष्णातकडून करून घ्यायचा विचार आहे. कृष्णात साचा लावतो आणि फवाऱ्यानं फुस्स करून डोळा उठवतो. मी फार गयावया केली. शेवटी नारळी पौर्णिमेला त्यांच्यासमोर डोळे आखून दाखवायचे असं ठरलं. जमले तर माझे, नाहीतर कृष्णातचे.

पूर्णिमा, मला पैशाचं काही वाटत नाही. तुझ्या आजोबांचं शेवटचं वर्ष तुला आठवायचं नाही, तू पाळण्यात होतीस. नजर अधू झाल्यावर त्यांनी आखलेले डोळे त्यांच्या पाठीमागे गल्लीतले लोक पुसायचे आणि दुसऱ्याकडून काढून घ्यायचे. तोंडावर मात्र वाहवा करायचे. म्हातारा मरेपर्यंत खूष होता. मला तसं खूष राहून मरायचं नाही.

माया आहेच, ती पत्रातून दाखवत जा.

तुझा,
गुंडूकाका


पुणे,
३० जुलै १९९९

ती. गुंडूकाका यांस,
पूर्णिमेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई हसता हसता ठसक्यानं बेजार झाल्या. तुम्हाला भेटायचंय म्हणतात. कुठल्या आजाराचे पेशंट म्हणून, ते मी विचारलं नाही.

काका, तुम्ही पुस्तक वाचता की भेळेतले शेंगदाणे वेचता? त्याच प्रकरणात पुढच्या पानावर लिहिलंय की बाहुली अंधारात मोठी होते, भीतीनं होते आणि नशेनंही होते. हंबीरराव पुस्तक न वाचता बरोबर निदान करून गेले. बाहुली पुन्हा आजोबांच्या मापाची करा. त्या मोहरीत काय कमी होतं? लहानपणी मी काही चोरून खाल्लं की देव्हाऱ्याकडे पाठ करून बसायची, ती तुम्ही आखलेल्या त्या डोळ्यांमुळेच.

मुंग्यांसाठी मानेचे व्यायाम करा. करताय असं काकूंना सांगून अंगणात पान खात बसू नका, त्यांनी मला कळवलंय.

तुमच्या आशीर्वादाची रोजच गरज आहे, तेव्हा हात आखडू नका.

तुमची,
पूर्णिमा


कोल्हापूर,
१४ ऑगस्ट १९९९

चि. पूर्णिमा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

बाहुल्या लहान केल्या. भांग उतरली. पण आता दुसरंच झालंय. माझा हात अडला.

मुंग्या नाहीत, दुखत नाही, भाकरी मोडता येते, पान जुळवता येतं. पण ब्रश घेऊन मूर्तीच्या डोळ्याजवळ गेलो की थांबतो. तू सांगितलंस म्हणून पुस्तक नीट, एकही पान न गाळता वाचलं, त्याचा हा परिणाम. त्यात लिहिलंय की मुरलेलं काम हात आपलं आपण करतो, डोक्यातल्या शहाण्याला त्याची खबरही नसते. हे वाचल्यापासून माझा शहाणा जागा झालाय. मी पापणीची रेघ सुरू करतो आणि तो विचारतो, ही कोण ओढतंय? मी बघायला जातो तोवर रेघ वाकडी. काल दिवसभरात एक डोळा झाला. तोही असा, की गणपतीनं कुणालातरी डोळा मारलाय.

कृष्णात आला होता. पोरगा वाईट नाही. माझी पापणी बघितली आणि साचा वापरून बघता का म्हणाला. काकू त्याला म्हणाली की आमच्या ह्यांना साच्याची न्हाय, थोबाडीत द्यायची गरज हाय. तो चहा न घेता गेला.

आणखी एक विचारतो, हसू नकोस. पुस्तक म्हणतं की चित्रातला डोळा बघत नसतो, तो आपल्याकडे बघतोय असं बघणाऱ्याचं डोकं ठरवतं. मग आजवर मी काय आखलं? देव बघतो म्हणून लोक समोर वाकतात, आणि बघणं सगळं वाकणाऱ्याच्या डोक्यात होतंय. हे काकूला सांगितलं. ती म्हणाली, देव डोक्यात असो नाहीतर पाटावर, तुमची भाकरी टोपलीत आहे, ती आधी खा.

एक काम कर. काकूला वेगळं पत्र लिही आणि माझे डोळे कुणी पुसतंय का ते विचार. मला ती सांगायची नाही. मूर्ती वाळवायला शेडमध्ये ठेवतात, तिथे माझं सारखं लक्ष राहत नाही. नारळी पौर्णिमा बारा दिवसांवर आलीय.

म्हाताऱ्याला विसरू नये, एवढंच.

गुंडूकाका


पुणे,
१९ ऑगस्ट १९९९

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या हाताला काही झालेलं नाही. हे आमच्याकडे रोजचंच आहे. झटक्यातून उठलेल्या माणसाला पाऊल जपून टाका म्हटलं की तो अडखळतो. त्याच माणसाला मी लेकीच्या लग्नात जेवायला काय होतं ते विचारते, आणि तो जिलबीचं सांगत सांगत दारापर्यंत चालत जातो. पाय चालायला तयारच असतात. डोक्यात एक मुकादम बसलेला असतो, तो मध्ये मध्ये करतो. तुमच्या मुकादमाला दुसरं काम लावून द्या. आखताना उलटे आकडे मोजा, नाहीतर भजन म्हणा.

दुसऱ्या प्रश्नावर मी हसले नाही. मला वाटतं, अर्धा डोळा तुम्ही आखता आणि अर्धा समोरचा माणूस पुरा करतो. तुम्ही सगळाच आखून टाकला तर त्यानं काय करायचं?

काकूंना पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून शेजाऱ्यांकडे फोन केला. कुणी तुमचे डोळे पुसायला लागलं तर त्या तुम्हाला तोंडावर सांगतील असं वचन घेतलंय. त्या म्हणाल्या की हे सांगायला वचन कशाला लागतं.

तुमची,
पूर्णिमा


कोल्हापूर,
२७ सप्टेंबर १९९९

चि. पूर्णिमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळं पार पडल्यावर लिहू म्हणून थांबलो होतो. आता सविस्तर ऐक.

तुझी औषधं आधी गल्लीतल्या लहान मूर्तींवर करून बघितली. शंभरापासून उलटं मोजायला बसलो, तर मला आकडेच नीट येईनात. सत्त्याऐंशीला अडकलो आणि ब्रशवरचा रंग वाळला. मग भजन म्हटलं. त्यात हातानं ठेका धरला आणि भुवईला तीन गाठी आल्या. नारळी पौर्णिमेच्या सकाळी मी काकूला म्हणालो की हंबीररावांना निरोप दे, कृष्णातला बोलवा म्हणावं. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं गेली निरोप द्यायला.

हंबीरराव आले ते दहा-बारा पोरं घेऊन. मोठी मूर्ती पाटावर, मी शिडीवर, हातात ब्रश, आणि ब्रश हलत नाही. तेवढ्यात काकू शेडमध्ये शिरली. निरोप राहिला बाजूला, तिनं तिच्या माहेरचा, कागलचा विषय काढला. तिच्या भाच्याचं लग्न ठरलं, त्या सुपारीला मी गेलो नव्हतो. तिथून सुरुवात करून ती मागे मागे जात आमच्या लग्नातल्या मानपानापर्यंत पोचली, आणि तेही पोरांसमोर. तू तिला ओळखतेस, तिचं भांडण नुसतं ऐकून चालत नाही. मध्येच विचारते की मी आत्ता काय म्हणाले ते सांगा. सांगता आलं नाही तर पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून मी अगदी मन लावून ऐकत होतो. व्हय म्हणत होतो, चुकलं म्हणत होतो. एका वेळी तिनं विचारलं की माझ्या भावानं तुमचं काय वाकडं केलंय. उत्तर द्यायला वळलो, पुन्हा मूर्तीकडे बघितलं, तर डोळे झालेले होते.

डाव्या डोळ्याची खालची रेघ तेवढी कोपऱ्यापर्यंत पोचली नव्हती. मी वळलो तिथं ती थांबली होती. आजवर मी एकही रेघ उघडी सोडलेली नाही. पुरी करायला ब्रश उचलला, आणि तुझ्या पत्रातलं अर्ध्या डोळ्याचं वाक्य आठवलं. मग तशीच ठेवली आणि शिडीवरून उतरलो.

हंबीररावांनी मूर्ती खालून वर बघितली. पोरांना बाजूला सारून ते आणखी जवळ आले. शेवटी ते म्हणाले की तात्या, दरसालचा बाप्पा बघतो, ह्यो ऐकतोय की. आणि तेही हळू आवाजात म्हणाले. काकू पदर खोचून निघून गेली. तिचं आधीच संपलं होतं.

उत्सवात काय झालं ते सांगितलं तर तुला खोटं वाटेल. बायका नमस्कार करून पुढे सरकेनात. हात जोडायच्या आणि पुटपुटत राहायच्या. एका म्हातारीनं सुनेची तक्रार इतकी सविस्तर सांगितली की रांग रस्त्यावर गेली आणि कार्यकर्त्यांनी तिला अर्धी उद्या सांगा म्हणून विनवलं. आता मला कळलं की बायकोची बोलणी खाणाऱ्या नवऱ्याचा चेहरा मी देवाला दिलाय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मी रोज सकाळी मांडवात जाऊन ती उघडी रेघ बघून यायचो. रोज उघडीच असायची. म्हणजे कुणी हात लावला नव्हता. एकदा हंबीररावांना विचारलं की डाव्या डोळ्याची रेघ अपुरी आहे, दिसतं का. ते म्हणाले पुरी हाय. मी म्हटलं जवळून बघा. त्यांनी जवळून बघितलं आणि तालमीतल्या मारुतीची शपथ घेऊन सांगितलं की पुरी हाय, तात्या, तुमीच चष्मा पुसा. विसर्जनाला पंचगंगेवर मूर्ती पाण्यात जाईपर्यंत मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो. यंदा पहिल्यांदा मला वाईट वाटलं, एरवी सुटलो असं वाटतं.

इथं पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं, पण काळजी पुढेच आहे. हंबीररावांनी तालमीच्या देवीचे डोळेही माझ्याकडे दिलेत. आणि तुझी काकू बदलली आहे. गल्लीतल्या बायका तिला सांगतात की तुमच्या मालकांचा हात धन्य आहे, आणि तिला ते खरं वाटायला लागलंय. दुपारचा चहा न मागता आणून देते. शिडीखाली उभी राहते, हसते आणि हळू आवाजात विचारते की अहो, दमला नाही ना. अशानं रेघ कशी निघायची? परवा मुद्दाम दूध उतू घालवलं, तर म्हणाली, असू दे, कामाच्या नादात होतं असं. काल तिच्या भावाला नावं ठेवून बघितली. म्हणाली, तेही खरंच आहे म्हणा.

देवी अजून बिनडोळ्यांची बसली आहे. पुस्तक दोनदा चाळलं, त्यात यावर काही नाही. आपुलकी आहेच तुझी, पण आता नुसत्या आपुलकीनं भागायचं नाही. काकू पुन्हा कशानं चिडेल ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून उलट टपाली कळव. घटस्थापना जवळ आली आहे आणि घरात फार शांतता आहे.

तुझा,
गुंडूकाका