दाराशेजारचे नंबर

कॅरी, अमेरिका, गुरुवार संध्याकाळ

आज मलावीतल्या टीमबरोबर शेवटचा कॉल झाला. ग्रँट कॅन्सल, म्हणून स्टडीही बंद. इतकी वर्षं त्या गावांतल्या मुलांची वजनं, ताप, जन्म, मृत्यू मी इथे बसून डेटाबेसमध्ये भरत आले, आणि निरोपाला अर्धा तास. बॉसने आभारही स्लाइडवर मानले.

घरोघरी फिरणारी एस्थर एरवी कॉलवर गप्प असते. आज तिने विचारलं, "दाराशेजारी आपण रंगवलेले घरांचे नंबर पुसायला सांगू का? बायका दरवर्षी भिंती सारवतात, पण नंबराला हात लावत नाहीत. नंबर गेला तर नर्स यायची नाही, असं आपणच सांगितलंय त्यांना."

मी म्हटलं, "राहू देत."

का म्हटलं असं? त्यांच्यासाठी? छे. पुसा म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच. एस्थर "बरं" म्हणाली, तेही किती हळू.

पाच वाजता माझं लॉगिन बंद झालं. आता डेटाबेसमध्ये एखादा नंबर टाकून ते घर शोधणारं इथे कुणी नाही. आणि तिकडे त्या बायका पुन्हा भिंती सारवतील, नंबर तेवढा सोडून.