मागच्या सीटवरचं वजन

३ मार्च, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचं ठीक आहे. वहिनींना नमस्कार सांग, आणि भाचीला म्हणावं, आत्या तुला विसरलेली नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

तुला राग येईल ते आधीच सांगून टाकते. बाबांच्या गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे मी काढले. शॉकअपही काढले. दोन्ही दुसऱ्या कंपनीचे बसवले, नवे कोरे. बाबा गेल्यावर तू म्हणालास, "या गाडीला एक जरी परका नट लागला, तर मी या घरात पाय ठेवणार नाही." मी साधी क्लचची केबल बदलली आणि तू ते खरं करून दाखवलंस. आता तर गाडीची मागची बाजूच परकी झाली. तेव्हा खुशाल चिडून घे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

जुने पाटे पार बसले होते. रस्त्यात जरा कुठे खळगा आला की गाडी मागून आदळायची. मूळ कंपनीचे पाटे मी सगळीकडे शोधले. एका दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा." मी म्हटलं, "तो रुसून बसलाय, तुम्ही मलाच दाखवा." त्याच्याकडेही मूळ पाटे नव्हतेच.

गंजलेले बोल्ट काही केल्या सुटेनात. तेल पाजलं, ठोकलं, शिव्या घातल्या. शेवटी पान्याला लांब पाईप लावला आणि त्यावर सगळा भार देऊन उभी राहिले, तेव्हा कुठे करकरले. माझ्या जाडीची तू आयुष्यभर टिंगल केलीस. ती अशी उपयोगी पडली.

नवे पाटे बसवले, सगळं गच्च आवळलं, गाडी खाली घेतली आणि फेरी मारून आले. आधीपेक्षा वाईट! मागची बाजू वर उचललेली आणि ताठ, साध्या खड्यावरूनही दणका. मी गॅरेजच्या पायरीवर बसून रडले. दुःखाने नाही, संतापाने.

आईने खिडकीतून विचारलं, "आवळताना मागे कोण बसलं होतं?"

"कोण बसणार? गाडी स्टँडवर होती, चाकं लोंबत होती."

"मग कसं होईल? तुझे बाबा चाकं जाड फळ्यांवर टेकवायचे, आपल्याला तिघांना मागे बसवायचे आणि मग खालून आवळायचे."

आठवतं, दादा? आपण मागे बसून चिमटे काढायचो आणि बाबा खालून ओरडायचे, "हलू नका रे!" आपल्याला गप्प बसवायचा तो खेळ आहे, असंच मला इतकी वर्षं वाटायचं. पाट्याच्या टोकांना रबराचे बुश असतात. चाकं लोंबत असताना आवळलं, तर रबर तिथेच अडकतं आणि माणसं बसली की पिळवटतं. आधी बसणाऱ्यांचं वजन द्यायचं, मग आवळायचं.

वर लिहिलंय, आईचं ठीक आहे. ते खोडत नाही, पण ते पुरतं खरं नाही. थंडीत ती न्हाणीघरात पडली. मणक्याला चीर गेली. ऑपरेशन झालं, पण हाड नीट जुळलं नाही. आता दुसरं करायचं आहे, आणि या वयात काय होईल याची खात्री डॉक्टर देत नाहीत. तुला कळवू दिलं नाही तिने. "कीव करून आलेला मुलगा नको मला," म्हणाली. पण सहीसाठी कागद पुढे केला की एकच धोशा: "आधी त्याच्याकडे, मग टेबलावर."

डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि बजावलं, दणका बसता कामा नये. तुझ्याकडे यायला टॅक्सीने निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशीच गाडी आदळली आणि आई पांढरीफटक पडली. तशीच परत आणली. आपल्या गाडीचं दार रुंद आणि सीट उंच, तिला न वाकता आत बसता येतं. त्याच दिवशी मी ठरवलं, पाटे बदलायचे आणि तिला तुझ्याकडे न्यायचं. मग तू बोल नाहीतर बोलू नकोस.

तर मी सगळे बोल्ट पुन्हा सैल केले. गाडी फळ्यांवर टेकवली. पडल्यापासून आई पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आली, माझा खांदा धरून, आणि मागे डावीकडे आपल्या जागी बसली. उजवीकडे, तुझ्या जागी, मी वाळूचं पोतं ठेवलं.

"एवढंच? तो काय अजून कॉलेजात आहे?" आई म्हणाली. "आणखी अर्धं टाक. सून चांगलं खाऊ घालत असेल."

दादा, तुमच्या लग्नापासून पहिल्यांदाच ती वहिनींना सून म्हणाली. मी गाडीखाली होते. हातातला पाना तसाच राहिला.

"काय गं, झोपलीस का?" वरून आवाज आला.

मग आवळलं. तिला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवलं. गतिरोधकावरून जाताना मी आरशात तिच्याकडे पाहत होते. तो ओलांडून पुढे आलो, तर ती विचारते, "आला का तो उंचवटा?"

शनिवारी सकाळी निघतोय. येऊ का, असं विचारत नाही, कळवतेय. रविवारी परत, सोमवारी तिला दाखल करायचं. मूळ पाटे तेल लावून गुंडाळून ठेवलेत. आई बरी झाली की तुझ्या हाताने पुन्हा बसव, मी ब्रसुद्धा काढणार नाही.

घरात पाय ठेवणार नाही, असं तू म्हणाला होतास. नको ठेवूस. गाडीत पाय ठेवण्याबद्दल तू काही बोलला नव्हतास. आम्ही तुझ्या दाराशी येऊन उभ्या राहू. मागचं उजवं दार अजूनही बाहेरून उघडत नाही, ते मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही. तू जवळ आलास की आई ते आतून उघडेल. तिचा हात तेवढा पोचतो, मी बघून घेतलंय.

वाळूचं पोतं मी इथेच काढून ठेवून निघणार आहे.

तुझी जागा धरून बसलेली,
छबी