काटा खोटं बोलतो

४ मार्च, मंगळवार

ऑफिसातून येताना साउथ एंड सर्कलच्या सिग्नलला इंजिनच्या टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला. सव्वीस वर्षांची गाडी, रस्त्यात कधी थांबली नाही. एकदा थांबली होती, पण तेव्हा पेट्रोल संपलं होतं. ते धरत नाही.

बॉनेटला हात लावून पाहिला. गरम. पण मार्चमध्ये बेंगळुरात गरम काय नसतं?

निष्कर्ष: इंजिन ठीक. काटा खोटं बोलतो.

इन्शुरन्सचे बनावट क्लेम पकडण्यात माझी उभी नोकरी गेली. खोटं बोलणारा मला लांबून ओळखू येतो.

६ मार्च, गुरुवार

ठराव केला. तेवीस तारखेला अवधूतचे आईवडील पुण्याहून येताहेत, वेदिकाचं लग्न पक्कं करायला. यशवंतपूर स्टेशनवरून त्यांना जयनगरला मी माझ्या गाडीतून आणणार. तोवर काट्याचा निकाल लावणार.

कावेरी म्हणाली, कॅब करू या. मी म्हटलं, वेदिका जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून घरी याच गाडीतून आली, तिचे सासू-सासरेही हिच्यातूनच येतील. कावेरी म्हणाली, तेव्हा गाडी नवी होती. म्हटलं, तेव्हा मीही नवा होतो. त्यावर तिने भाजी निवडायला घेतली. अजूनही आहात, म्हणायला हवं होतं.

वर म्हणते, पार्किंगमध्ये आपल्या गाडीखाली रोज हिरवट पाणी दिसतं. सांगितलं, एसीचं असेल. म्हणाली, एसी तीन वर्षं बंद आहे. मग जुनं असेल.

९ मार्च, रविवार

व्हिडिओ बघून डायग्नोसिस. इंजिनात एक सेन्सर असतो. पाणी किती तापलंय ते तो वायरीतून काट्याला कळवतो. गाडी फिरवून आणली, वायर काढली. काटा झटकन तळाला. परत लावली, वर. म्हणजे काटा बिचारा सांगकाम्या. खोटारडा सेन्सर आहे. काट्याची मनातल्या मनात माफी मागितली.

शेजारचे प्राणेशअण्णा येऊन उभे. रिटायर झाल्यापासून कुणाचंही बॉनेट उघडलं की हे हजर. म्हणाले, हंबीरराव, स्वल्प रेडिएटरमधलं पाणी बघा की. मी त्यांच्याच कन्नडमध्ये सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हटलं. रेडिएटरचा काय संबंध? तक्रार काट्याची आहे.

१२ मार्च, बुधवार

हाफ डे टाकून इथल्या शिवाजीनगरला, पार्टच्या बाजारात गेलो. नवा सेन्सर आणला, स्वतः बसवला. व्हिडिओतल्या माणसाने जुना सेन्सर काढला तेव्हा भसाभसा पाणी आलं होतं. माझ्याकडे चमचाभर. हाताची सफाई म्हणतात ती हीच.

संध्याकाळी: काटा लाल. नवा सेन्सरही फितूर. जुना आणि नवा एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी जबानी शब्दाला शब्द सारखी. पढवलेले साक्षीदार असेच बोलतात.

म्हणजे काटाच. माफी परत घेतली.

१५ मार्च, शनिवार

जुन्या पार्टच्या दुकानातून दुसरं मीटर आणलं. डॅशबोर्ड उघडून बसवलं. चार स्क्रू उरले, म्हणजे कंपनीने जास्तीचे लावले होते. हॉर्न वाजेनासा झालाय, त्याचा याच्याशी संबंध नाही.

दुसरं मीटरही लालच दाखवतं.

कावेरी म्हणाली, आता तरी मेकॅनिकला दाखवा. म्हटलं, तो इंजिन उघडेल, आणि इंजिनाला काही झालेलं नाही. तिने प्राणेशअण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तिने हलवली. माझी बायको, माझं पार्किंग, आणि माना हलवताहेत हे दोघं.

१८ मार्च, मंगळवार

वॉचमन विठोजीने माझ्या गाडीखाली प्लॅस्टिकचा टब ठेवला. फरशी चिकट होते म्हणे. आख्ख्या बिल्डिंगीत टब फक्त माझ्या गाडीखाली. दर दिवाळीला याला मी मिठाई देतो. टब उचलून त्याच्या खुर्चीवर ठेवला.

गाडीत गोडसर वास येतो. कावेरीला विचारलं, नवीन सेंट का? म्हणाली, मी तुमच्या गाडीत बसतेच कधी?

२१ मार्च, शुक्रवार

जिंकलो!

आज लालबागपर्यंत काटा वर होता. मग आपोआप उतरू लागला आणि थेट तळाला जाऊन पडला. घरापर्यंत हलला नाही. चुकीपुढे मी वाकलो नाही, शेवटी चूकच वाकली.

म्हैसूरपाक आणला. प्राणेशअण्णांनाही दिला, मन मोठं करून. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकून विचारलं, पाणी बघितलं का? काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

वेदिकाने विचारलं, अप्पा, इंजिन असं टकटक का वाजतंय? म्हटलं, मोकळं झालंय.

२३ मार्च, रविवार, सकाळी

गाडी धुतली, पुसली. इस्त्रीचा शर्ट. कावेरी स्वयंपाकात, वेदिका मदतीला. खाली जाताना वेदिका म्हणाली, अप्पा, अजूनही कॅब बोलावता येईल. म्हटलं, विश्वास ठेव. ती हसली. विश्वास ठेवला असणार.

२३ मार्च, संध्याकाळी

जे झालं तेच लिहितो.

पुण्याची ट्रेन वेळेवर आली. अजितराव, संध्याताई आणि तीन बॅगा. मी काट्याची हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली. महालक्ष्मी मेट्रो स्टेशनजवळ पोचलो तेव्हा सेन्सरवर होतो. बॉनेटमधून आधी थोडी वाफ आली, मग समोरचा रस्ता दिसेना, मग इंजिन एकदा खडखडलं आणि बंद पडलं.

अजितरावांनी विचारलं, काटा बघत नव्हता का? मी दाखवला. तळाला. म्हटलं, बघा, गाडी थंड आहे. ते वाफेकडे बघत हळूच म्हणाले, हंबीरराव, काटा पाण्याचं तापमान दाखवतो. पाणीच संपलं असेल तर तो काय दाखवणार?

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. निदान या शब्दांत नव्हतं.

मी टॅक्सी बोलावतो म्हणेपर्यंत संध्याताईंनी फोन काढला. वेदिकाने त्यांना कालच लिहून पाठवलं होतं: गाडी थांबली तर जवळचं मेट्रो स्टेशन गाठा, सगळी ग्रीन लाइनवरच आहेत, बदलायची नाही, जयनगरला उतरा, मी न्यायला येते. पोटची मुलगी. दोघं बॅगा घेऊन जिना चढले. अजितरावांनी वरून हात केला.

टो करणारा म्हणाला, अर्ध्या तासात येतो. दुपारी वेदिकाचा फोन आला. अप्पा, गुरुजी आलेत, तुमच्यासाठी थांबू का? वाफ केव्हाच गेली होती, मला वाटलं आता सुरू होईल. म्हटलं, थांबा कशाला, तुम्ही सुरू करा, हा मी आलोच.

इंजिन गेलं, असं गॅरेजवाला म्हणतो. आख्खं.

घरी पोचलो तेव्हा पाहुणे चिकपेटला साड्या बघायला गेले होते. लग्न डिसेंबरात ठरलं. कावेरीने ताट वाढलं, रागावली नाही. ती रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. मी विचारलं, माझ्या जागी पाटावर कोण बसलं? म्हणाली, प्राणेशअण्णा. कुणीतरी बसायला हवं होतं. आणि वेदिका दाराकडे बघत होती हो सारखी.

मी आमटी-भात खाल्ला.

नंतर प्राणेशअण्णा आले. अजितरावांनी वधूपित्याचा मान म्हणून घातलेली शाल घडी करून आणली होती. म्हणाले, ही तुमची. मी म्हटलं, राहू द्या, तुम्ही बसला होतात. मला वाटलं, स्वल्प आग्रह करतील.

सरी म्हणाले, आणि घेऊन गेले.